कोची यायच्या आत

गोव्याहून मॉरिशसला निघालेल्या त्या शिडाच्या बोटीवर चार माणसं होती आणि चारही खान्देशी. म्हणजे समुद्रापासून अडीच-तीनशे किलोमीटर आत जन्मलेली. कप्तान होते धुळ्याचे हितेंद्रभाऊ. नौदलातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही बोट घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'तापी'. विजेची आणि इंजिनाची कामं बघायला जळगावच्या पिंप्राळ्याचा भूषण. स्वयंपाकाला कापडण्याचे चुडामण नाना, शाळेच्या सहलीत तीनशे पोरांचं जेवण एकट्यानं रांधलेला माणूस. आणि चौथी सबा. जळगावच्याच मेहरूणची, सव्वीस वर्षांची, सहा महिने गोव्यात राहून शीड हाकायला शिकून आलेली.

सबाच्या अब्बूंनी, म्हणजे कादरभाईंनी, अख्ख्या मेहरूणला सांगून ठेवलं होतं, "आमची सबा मॉरिशसला चालली. विमानानं नाही, वाऱ्यानं."

वाऱ्यानं पहिल्याच संध्याकाळी आपला हिसका दाखवला. किनारा दिसेनासा झाला, लाटा मोठ्या झाल्या आणि सबाच्या पोटात ढवळायला लागलं. भूषणनं तर तिच्याही आधी कठड्यावरून वाकून दुपारची शेवभाजी समुद्राला अर्पण केली.

"निघायच्या दिवशी साधा वरणभात करा म्हटलं होतं ना मी?" हितेंद्रभाऊ म्हणाले.

"निघायच्या दिवशी फिकं जेवण?" नाना म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"कोण लोक, नाना? मासे?"

भूषण सकाळपर्यंत सावरला. सबा मात्र सावरली नाही. हितेंद्रभाऊ म्हणाले, "वर ये, मोकळ्यावर बस." पण सगळ्यांदेखत ओकायची तिला लाज वाटली. शिवाय नाना मध्ये पडले. आजारी माणसाला वारं लागू द्यायचं नाही, हे नानांना जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं कप्तानाला होकायंत्रही ठाऊक नसेल. त्यांनी आपला रुमाल तिच्या कानांवरून घट्ट बांधला, तिला बोटीच्या अगदी पुढच्या टोकाच्या केबिनमध्ये नेलं, दोन गोधड्या घातल्या आणि झरोका लावून घेतला.

"जपी जा, पोर," ते म्हणाले. म्हणजे झोपून जा. "मी शे ना आठे." म्हणजे मी आहे ना इथं.

आता बागेतली ती खाली-वर होणारी लांब फळी आठवा. मधोमध बसलेल्याला फारसं काही कळत नाही. टोकावरचा मात्र आभाळात जातो आणि धाडकन खाली येतो. बोटीचंही तसंच असतं. नानांनी मायेपोटी सबासाठी निवडलेली जागा ही नेमकी त्या फळीचं टोक होती, आणि वर खिडकी बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपोआप सुकाणू धरणारं यंत्र बंद पडलं. भूषणनं ते उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि शेवटी हात टेकले. आता रात्रंदिवस कोणीतरी चाकाशी उभं राहायला हवं. नानांना चाक येत नव्हतं. राहिले दोघे, तीन-तीन तासांनी पाळी. तिसऱ्या दिवशी सकाळी हितेंद्रभाऊंचे डोळे लालभडक झाले होते. तसेच ते केबिनच्या दाराशी आले.

"उठवू नका तिला," नाना दार अडवून म्हणाले.

"जागी आहे मी," आतून आवाज आला.

"सबा, पोटात काही टिकतंय का?"

"लिंबूपाणी, भाऊ. दहा मिनिटं."

हितेंद्रभाऊ दाराच्या चौकटीला टेकले. "हे बघ, बेटा. दोघांच्या जिवावर सतरा-अठरा दिवस बोट हाकता येत नाही. उद्या दुपारी बारा वाजता आपण कोचीच्या समोर असू. तोवर तू एक भाकरी खाऊन ती तासभर पोटात ठेवलीस आणि चाकाशी उभी राहिलीस तर पुढे. नाहीतर कोचीला वळू, तुला जळगावच्या गाडीत बसवू आणि दुसरं कोणी मिळतंय का बघू."

ते गेल्यावर सबा छताकडे बघत राहिली. छत वर गेलं, खाली आलं. मेहरूणला परत गेल्यावर शेजारच्या लताबाई काय विचारतील तेही तिला ऐकू आलं: 'काय गं, वारा संपला का?'

त्या दिवशी नानांनी ओवा दिला, आलं दिलं, सुंठ दिली. पोटानं सगळं साभार परत केलं.

चौथ्या दिवशी सकाळी भूषण दारात डोकावला. "मी एकदा तुझ्याबरोबर एसटीनं धुळ्याला आलो होतो," तो म्हणाला. "एरंडोलपर्यंत तू दोन पिशव्या भरल्या होत्यास. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

"निघ इथून."

"आणि तीच तू स्कूटरवर मला जामनेरला नेलंस. खड्ड्याखड्ड्यांतून. ओकायला मला झालं, तुला काही नाही."

तो हसत निघून गेला, पण सबा उठून बसली. एसटीत उलटी, स्कूटरवर नाही. रस्ता तर सगळीकडे सारखाच खराब. फरक एवढाच की स्कूटर ती स्वतः चालवत होती. वळण यायच्या आधी तिला दिसत होतं, खड्डा यायच्या आधी अंग सावरलेलं असायचं.

तिला ते नीट मांडता आलं नसतं, पण गोष्ट साधी आहे. आपल्या कानात आत तोल सांभाळणारा एक भाग असतो. बंद केबिनमध्ये कान म्हणतात, 'हलतोय.' डोळे म्हणतात, 'कुठं? भिंत तर जागेवर आहे.' दोघांचं भांडण लागतं आणि मार खातं पोट. दूर क्षितिजाकडे बघितलं की दोघांचं एकमत होतं.

सबानं रुमाल सोडला, गोधड्या बाजूला सारल्या आणि भिंतींना धरत निघाली.

"कुठं? कुठं?" नाना तवा सोडून धावले. "तुले वारं लागी जाई!"

"नाना, शिडाची बोट आहे ही. वारं लागलं नाही तर हलणार कशी?"

वर हितेंद्रभाऊ चाकाशी उभ्याउभ्या पेंगत होते. घड्याळात साडेनऊ वाजले होते.

"भाऊ, चाक द्या."

"आधी भाकरी. मग चाक."

"उलटं करा ना. आधी चाक, मग भाकरी."

त्यांनी तिच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात काढले. "दोनशे अंशांवर ठेव. सुटलं तर हाक मार."

पहिली पंधरा मिनिटं वाईट गेली. बोट एकशे ऐंशीला पळाली, मग दोनशे वीसला. सबानं दात आवळले आणि नजर समोरच्या रेषेवर ठेवली. मोठी लाट डावीकडून उठताना दिसली, तिनं आधीच चाक थोडं फिरवलं, आणि 'तापी' लाटेवरून अलगद उतरली. पुढची लाट. त्याच्या पुढची. पोट काहीतरी म्हणत होतं, पण तिला ऐकायला वेळ नव्हता.

साडेदहाला नाना कळण्याची भाकरी घेऊन आले. ज्वारी-उडदाची, गरम, वर ठेच्याचा नुसता ठिपका. ते एकेक तुकडा मोडून देत होते आणि ती क्षितिजावरून नजर न काढता तोंड उघडत होती.

"भाकरी संपून अकरा मिनिटं झाली," भूषण घड्याळ धरून बसला होता. "बारा. रंग परत येतोय. तेरा."

"भूषण, मोजणं थांबव, नाहीतर तुझ्या अंगावरच ओकेन."

मग गप्पा सुरू झाल्या. नानांनी सहलीत हरवलेल्या आणि पिठाच्या पिंपात सापडलेल्या मास्तरांची गोष्ट सांगितली. पायाशी आडवे झालेले हितेंद्रभाऊ घोरायला लागले. वारा थोडा वळला, सबानं भूषणला शीड जरा ढिलं करायला सांगितलं, त्यानं केलं.

"भूषण, बारा वाजायला किती अवकाश आहे रे?" तिनं एकदम विचारलं.

भूषणनं घड्याळ बघितलं. "दीड वाजलाय."

"मग कोची?"

त्यानं डावीकडे, जरा मागे बोट दाखवलं. तिकडे नुसतं पाणी होतं.

"भाऊंना उठवू का?" त्यानं विचारलं.

"कशाला? झोपू देत."

सबानं चाक दोनशेवर आणलं. "नाना," ती म्हणाली, "आणखी एक भाकरी शे का?"