आमेन अडले तेव्हा

मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. मित्रांनो, जुने म्हटल्याबरोबर कीव करू नका. माझे अगदी मजेत चालले आहे.

ज्या सुताराने मला घडवले त्याच्या हाताला गुण होता, फक्त मोजमापाशी त्याचे जरा वाकडे होते. त्याने मला दारापेक्षा रुंद केले आणि पाय असे ठोकले की निघता निघेनात. मग काय, दाराची चौकट काढून मला आत घ्यावे लागले. "आता हे इथून हलायचं नाही," असे म्हणत घरच्या आईने माझ्या पाठीवर थाप मारली. तेव्हापासून मला कोणी विकेल ही धास्तीच उरली नाही.

हे घर पोस्टमास्तरांचे. घरात ते, त्यांची बायको म्हणजे ही आई, आणि शाळेत जाणारी लेक. लेक प्रत्येक गोष्टीचा कीस पाडते, म्हणून सगळे तिला 'वकीलबाई' म्हणतात. घर ख्रिस्ती, त्यामुळे जेवणाआधी प्रार्थना ठरलेली. पण या घराची एक खास रीत आहे. ज्याने अन्न आणले त्याने प्रार्थना करायची, आणि सगळ्यांचे 'आमेन' आल्याशिवाय कोणी ताटाला हात लावायचा नाही. आईने बाजारातून भाजी आणली की प्रार्थना आईची, लेकीने अंगणातल्या शेंगा तोडल्या की लेकीची. पोस्टमास्तरांना शिकारीचा नाद. हंगाम आला की परवाना खिशात घालून ते सुट्टीच्या दिवशी रानात जात, आणि त्या दिवशी प्रार्थना त्यांची असे. पाहुणे माझ्यावर कोपरे टेकून जेवणाची तारीफ करत, आणि मला उगाचच मीच सगळे शिजवल्यासारखे वाटे.

एकदा लेक हट्ट धरून वडिलांबरोबर रानात गेली. परत आली ती गप्पगप्प. संध्याकाळी माझ्यावर हरणाचे मांस वाफाळत होते. पोस्टमास्तरांनी नेहमीची प्रार्थना केली, "प्रभू, तू दिलेल्या या अन्नाबद्दल तुझे आभार. आमेन." आईही आमेन म्हणाली. लेकीचे आमेन मात्र आले नाही.

"अगं, म्हण ना. गार होतंय सगळं," आई म्हणाली.

"मी नाही म्हणणार."

"का पण?"

"देवाने दिलं म्हणे! देवाने दिलं नाही, बाबांनी घेतलं."

पोस्टमास्तरांचा पारा चढला. पण रीत म्हणजे रीत. मांस गार झाले, वर चरबी थिजली, आणि तिघेही उपाशीच झोपायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून लेक स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून भाजी-पाव खाऊ लागली. वडील माझ्या एका टोकाला एकटे. आई बिचारी दोघांच्या मधे येरझारा घालत उभ्या उभ्याच घास गिळायची. माझ्यावर इस्त्रीचे कपडे येऊन पडले. मित्रांनो, ते मला फार लागले. ओझ्याचे काही नव्हते हो, माणसे नव्हती याचे होते.

शेवटी आईने चर्चच्या पाळकसाहेबांना जेवायला बोलावले. कपड्यांचा ढीग बाजूला सारून ते ऐसपैस बसले, आणि बापलेकीने आपापले गाऱ्हाणे त्यांच्यापुढे मांडले.

"बायबलातल्या पहिल्या बागेत देवाने माणसाला खायला फळं नि धान्यच दिलं होतं ना?" लेक म्हणाली.

"आणि जलप्रलयानंतर मांसाची मोकळीक दिली ती कोणी?" पोस्टमास्तर उसळले. "प्रभूने स्वतः शिष्यांना मासे भाजून घातले!"

"दोघांचंही खरं आहे," पाळकसाहेब म्हणाले. "पण त्या बागेत सगळे शाकाहारी असूनही घोटाळा एक मना केलेलं फळ खाण्यावरूनच झाला, हे विसरू नका."

आईला हसू आवरेना. पाळकसाहेब मात्र लेकीकडे वळले. "पहिल्या ख्रिस्ती मंडळीतही यावरून रुसवेफुगवे झाले होते, पोरी. खाणाऱ्याने खावं, सोडणाऱ्याने सोडावं, पण त्यापायी माणूस तोडू नये, असंच त्यांना सांगितलं गेलं. तुला नुसतं मांस खुपतंय की आणखी काही?"

लेकीचे डोळे भरले. "ते हरीण लगेच गेलं नाही. पाय झाडत होतं. बाबांनी पाहिलं सगळं. आणि घरी येऊन त्याच्याबद्दल एक शब्द नाही. रोजचीच प्रार्थना!"

पोस्टमास्तर मान खाली घालून माझ्यावर बोट फिरवत राहिले.

आईने ताटे मांडली. एकीकडे त्याच हरणाचे खारवून ठेवलेले मांस, दुसरीकडे भोपळ्याची भाजी. मांस पोस्टमास्तरांनी आणलेले, तेव्हा प्रार्थनाही त्यांचीच होती. त्यांनी हात जोडले. मग म्हणाले, "प्रभू, हे हरीण तुझं होतं. मी ते मारलं. माझा नेम चुकला आणि त्याला फार सोसावं लागलं. मला वाईट वाटलं, पण पोरीसमोर ते बोलायची लाज वाटली. पुढे कधी नेमाची खात्री नसेल, तर माझा हात आवर."

"आमेन," लेक म्हणाली. सगळ्यांच्या आधी.

तिने मांस घेतले नाही, आजही घेत नाही. पोस्टमास्तरांनी शिकार सोडली नाही, पण खात्री नसली की ते बंदूक खाली करतात आणि तसेच घरी येतात. मग लेक त्यांना चिडवत चिडवत आपल्या वाट्याची भाजी वाढते. इस्त्रीचे कपडे कपाटात गेले आणि माझ्यावर पुन्हा कोपरे टेकू लागले. आणखी काय हवे?

मित्रांनो, घरच्या टेबलाची काळजी घ्या. ओल पुसा, गरम भांड्याखाली काहीतरी ठेवा. समोरच्याच्या ताटातले तुम्हाला पटले नाही तर खुशाल वाद घाला, आवाज चढवा, माझ्यावर मूठ आपटा. मी सगळे सोसेन. फक्त आपले ताट उचलून निघून जाऊ नका.