कोंबड्यांपुरतं दार

निंबा आबांनी लाल कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. बोटांना अंडं लागलं, पण ते अजून आतच होतं. पिसं फुलवून, शेपूट खाली टाकून ती सकाळपासून एकाच जागी बसली होती. मधूनच जोर करी, चोच उघडी आणि पुन्हा डोळे मिटी. कालचं तिचं अंडं नुसती पातळ कातडी घेऊन आलं होतं, बोट लागताच फुटलं. आजचं तर तेही येईना.

"दम धर माय, दम धर," आबा पुटपुटले.

कोमट पाण्यात बसवली की कोंबडीचं अंग सैल पडतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या बायकोने, ताईबाईने, अशा कितीतरी कोंबड्या वाचवल्या होत्या. ताईबाई गेली, आणि तिच्या खुराड्यातल्या या तीनच उरल्या. गावाकडे असते तर आबांनी चूल पेटवली असती. शहरात, देवपुरातल्या मुलाच्या घरात मात्र कोमट पाणी मिळायची सोय नव्हती. लाइट सकाळीच गेलेली, म्हणून गीझर थंड. गॅसचा रेग्युलेटर सून ज्योती शाळेत शिकवायला जाताना काढून कपाटात ठेवी, कारण आबा दोनदा दूध ठेवून विसरले होते. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप. श्रावणात आबा कोथिंबीर आणायला निघाले आणि संध्याकाळी शिरपूरच्या स्टँडवर सापडले. गावाकडची गाडी कोणती, तेच त्यांना आठवेना. तेव्हापासून कुलूप आलं. मुलगा ज्ञानेश्वर वाईट नव्हता. कुलूप लावताना तो रोज मान खाली घालायचा, आणि आबांना कुलपापेक्षा त्या खाली घातलेल्या मानेचाच जास्त राग यायचा.

मागचं दार तेवढं उघडं असे.

"कोंबड्यांपुरतं ठेवते हं आबा," ज्योतीने बजावलं होतं. "त्या गेल्या की तेही बंद. मागे घसरून पडलात तर कोण बघणार?"

मागे म्हणजे काय, तर दहा पावलांची फरशी आणि तिन्ही बाजूंना छातीइतकी भिंत. दुमजली घराची सावली तिथून हलायचं नाव घेत नसे. आता पौषात तर उन्हाचा कवडसाही दिसत नव्हता. पण डोक्यावर आभाळ होतं, आणि त्या दहा पावलांत आबांचा सगळा दिवस जाई. ज्योती त्यांना हाडांसाठी रोज एक गोळी देई. आबा ती जिभेखाली लपवत आणि मागाहून कुटून कोंबड्यांच्या कण्यांत मिसळत. चुना देऊन झाला, टरफलं भाजून चुरून झाली. अंडी मऊ ती मऊच.

"काय झालं भाऊ? कोणाशी बोलताय?"

भिंतीपलीकडे जतनबाई उभ्या होत्या. शेजारच्या गौतमचंद शेठची आई. सत्तरी उलटलेली, पदर कपाळापर्यंत. घर जैन आणि इकडे कोंबड्या, म्हणून त्या भिंतीशी फारशा येत नसत.

"अक्का, ऊन पानी शे का तुमनाकडे?" आबांनी अडखळत विचारलं. "कोंबडीनं अंडं अडकी गयं. मरी जाई ती."

अंडं म्हटल्यावर जतनबाई एक पाऊल मागे सरल्या. मग मान पुढे करून त्यांनी कोंबडीकडे नीट पाहिलं.

"पाणी आहे. आम्ही उकळलेलंच पितो ना, सकाळी पातेलं भरून ठेवतो." त्या थांबल्या. "पण खरं सांगा. अंड्यासाठी मागताय की जिवासाठी?"

"अंडं गयं खड्डामा. मन्ही कोंबडी वाचनी पाहिजे."

त्या आत गेल्या आणि बादलीत पाणी घेऊन आल्या. डावा हात अंगाशी धरलेला, उजव्या हाताने बादली भिंतीवर टेकवली. आबांनी पाणी घमेल्यात ओतलं, कोपर बुडवून पाहिलं आणि कोंबडीला त्यात बसवलं. डोक्याला लावायचं तेल बोटावर घेऊन हळूच तिच्या शेपटीखाली फिरवलं. जतनबाई हलल्या नाहीत. त्यांचे ओठ कसलातरी जप करत होते. बऱ्याच वेळाने कोंबडीने एकदा जोर केला आणि पाण्यात पिवळं पसरलं. पुन्हा नुसती कातडीच. पण कोंबडी उभी राहिली, अंग झटकलं आणि आबांच्या सदऱ्यावर पाणी उडवलं. आबांना हसू आलं आणि डोळेही भरले.

"हिला ऊन नाही मिळत," जतनबाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी माझा हा हात मोडला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काही फरक नाही. मग म्हणाले, आजी, उन्हात बसल्याशिवाय गोळी अंगी लागत नाही. तेव्हापासून रोज बसते."

त्यांच्या मागे पेरूचं झाड होतं. झाडाखाली भुसभुशीत माती, आणि मातीवर भरपूर ऊन.

"तिघींना इकडे द्या. पण परत नाही देता येणार भाऊ. पळत्या कोंबड्या मी काय धरणार, आणि हा हात वर जात नाही."

आबांनी वळून मागच्या उघड्या दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बठ्ठ्या? तिन्ही?"

"बठ्ठ्या," जतनबाई म्हणाल्या. त्यांचा जन्म चोपड्याचा, आबांची बोली त्यांनाही येत होती. "गौतमला मी सांगते. जीव सांभाळायला त्याची कधी ना नसते. अंड्यांना मात्र मी हात लावणार नाही."

आबांनी एकेक कोंबडी उचलून भिंतीवर ठेवली. दोघी लगेच पलीकडे उतरल्या. लाल कोंबडी वर बसून राहिली, तेव्हा तिला हलकेच ढकलावं लागलं.

संध्याकाळी ज्योतीने रिकामं खुराडं पाहिलं.

"कोंबड्या कुठे गेल्या आबा?"

"दी टाक्यात अक्काले."

"बरं केलंत. थंडीचं मागे जायचं तुमचं संपलं." तिने फरशी धुतली, मागचं दार लावलं, कुलूप घातलं आणि आबांसाठी गरम शिरा केला. तिच्या बोलण्यात खरी माया होती, म्हणून आबांनी शिरा संपवला.

दुसऱ्या दिवसापासून ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टूल घेऊन बसू लागले. तिथून भिंतीचा वरचा भाग आणि पेरूचा शेंडा दिसे. कोंबड्या दिसत नसत, पण माती उकरल्याचा आवाज येई. गोळी आता कोणाला द्यायची, म्हणून ते ती गिळू लागले.

असे पंधरा-वीस दिवस गेले. एका सकाळी पलीकडे लाल कोंबडी मोठमोठ्याने ओरडली. आबा स्टुलावरून उठले. थोड्या वेळाने भिंतीवर जतनबाईंचा उजवा हात आला. हातात करवंटी, आणि करवंटीत अंडं. त्यांनी करवंटी भिंतीवर ठेवली. मग पेरूची एक काडी घेऊन, आबांना ऐकू जाईल अशा बेताने, अंड्यावर दोनदा मारली.

टक, टक. अंडं फुटलं नाही.

आबांनी खिडकीतून हात बाहेर घालून पाहिला. कोपरापर्यंतच गेला. मग त्यांनी तो आत घेतला आणि बोटाच्या पेराने खिडकीच्या गजावर दोनदा वाजवलं.