आधी तुम्ही चाखा

आमचे बाबा कंपाउंडर. दवाखान्यातल्या छोट्या खिडकीमागे खलात गोळ्या कुटण्यात त्यांची हयात गेली. पोरं औषध बघून रडायला लागली की बाबा करंगळीला कणभर पूड लावून स्वतः चाटायचे आणि असं काही तोंड वाकडं करायचे की रडणारं पोर खुदकन हसायचं. तेवढ्यात चमचा आत.

ही सवय त्यांना लावली दादाने. लहानपणी तापात तो ओठ घट्ट मिटून बसायचा. फार विनवलं की म्हणायचा, "आधी तुम्ही चाखा." आणि पुन्हा ओठ बंद.

आई गेली त्या दिवशी याच दादाने बाबांना सगळ्यांसमोर विचारलं, "जन्मभर गावाला औषधं दिलीत, घरातलं दुखणं कळलं नाही?" दादा वेगळा राहायला गेला आणि बोलणं तुटलं. दोघांचीही मान एकसारखी ताठ. मधल्यामध्ये निरोप पोचवायला मी. मला दोघांचाही राग यायचा, आजही येतो.

मग बाबांनी अंथरूण धरलं. गिळवेना, म्हणून गोळी कुटून पाण्यात कालवून द्यायची. पहिल्याच दिवशी त्यांनी ओठ मिटले. मी विनवलं, रागावले, आणि एकदम माझी ट्यूब पेटली. करंगळीने चाटलं. इतकं कडूजहर की तोंड आपोआप वाकडं झालं. बाबा हसले आणि त्यांनी आ केला. तेव्हापासून आमचं रोज तेच. दुखणं हटणार नाही हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. तेवढाच एक खेळ उरला होता.

"ये रे एकदा," मी दादाला फोनवर म्हणाले. "आता फार दिवस नाहीत."

"मी चालेन त्यांना?"

"ये आणि त्यांनाच विचार."

तो आला. मी मुद्दाम चमचा त्याच्या हातात दिला आणि दूध आणायला बाहेर पडले. म्हटलं, बापलेकांना बोलू दे. परत आले तर दादा नव्हता. स्टुलावर चमचा भरलेला, तसाच. बाबा दाराकडे बघत होते.

"विसरला गं," ते म्हणाले.

मी फोन करत राहिले, त्याने उचलला नाही. औषध मी चाखून पुढे केलं, तर बाबांनी मान फिरवली. सकाळी उठवायला गेले तेव्हा ते गेलेले होते.

दादा धावत आला. "काल तोंड मिटून घेतलं त्यांनी," तो म्हणाला. "शेवटपर्यंत मला माफ केलं नाही."

त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली मला. "आधी तू चाखायचं होतंस," मी म्हणाले. "ते तुझ्यासाठी चाखायचे तसं. त्याचीच वाट बघत होते."

तो स्टुलाजवळ गेला. चमच्यातलं पाणी सुकत आलं होतं, तळाला पांढरी पूड चिकटली होती. त्याने ती करंगळीने खरवडली आणि जिभेवर ठेवली. तोंड वाकडं झालं, हुबेहूब बाबांसारखं. तसंच तोंड घेऊन त्याने वळून त्यांच्याकडे पाहिलं. बाबा हसले नाहीत.