गुरुवारचा प्रसाद

"पोरीला पोटभर खाऊ घाल, शूशान, पण वजनकाट्याचं भान ठेव. काटा कुणाचे लाड करत नाही."

गारेगिन जाऊन दोन वर्षं झाली, तरी भावाचा तो घोगरा आवाज शूशानच्या कानातून जात नव्हता. ग्युमरी शहरातल्या वेटलिफ्टिंगच्या हॉलमध्ये त्याने तीस वर्षं पोरं घडवली होती. शेवटच्या दुखण्यात बोलायचं बळ नव्हतं, तरी बहिणीचा हात धरून तो एवढं बोलला, आणि थोडा दम घेऊन म्हणाला, "माझ्या अरेविकला स्पर्धेच्या फळीपर्यंत पोचव. फळीवरचं तिचं ती बघेल."

आईविना वाढलेली अरेविक आता बावीस वर्षांची होती आणि एकोणसाठ किलोच्या गटात उतरत होती. शूशानचा दिवस तिच्याभोवती फिरे, पण सुरुवात मात्र देवापासून. पहाटे उठून चर्चमध्ये दोन मेणबत्त्या, एक भावासाठी आणि एक भाचीसाठी. ऑलिम्पिकच्या वर्षी ती तिसरीही लावी, देशासाठी. "आपला देश नकाशावर अंगठ्याखाली झाकला जातो," ती म्हणे, "म्हणून त्याची मेणबत्ती जरा उंच लावावी. वरून दिसायला हवी ना!"

बुधवार-शुक्रवारचे उपास तिने चाळीस वर्षांत मोडले नव्हते. आणि यंदा एक नवसही बोलली होती. अरेविक ऑलिम्पिकच्या संघात गेली, तर मार्माशेनच्या मठापर्यंत अनवाणी चालत जाईन. दहा किलोमीटर.

शनिवारी निवडचाचणी होती, तीही ग्युमरीच्याच हॉलमध्ये. जागा एक, मुली दोन, अरेविक आणि वनाद्झोरची एक पोरगी. गल्लीला रात्रीची झोप नव्हती. कोपऱ्यावरच्या गेघाम न्हाव्याच्या दुकानात गल्लीतल्या सगळ्या पदकवाल्यांचे फोटो होते, पैलवान, बॉक्सर, वजनवाले. मधोमध एक खिळा रिकामा. गिऱ्हाइकाने विचारलं की गेघाम वस्तरा थांबवून सांगे, "तो अरेविकचा. फोटो यायचाय, खिळा आधी आलाय."

आणि मग शूशानच्या हातून चूक झाली.

नवस फेडायचा तो नंतर, हे खरं. पण मागायच्या आधी देवाच्या दारात रिकाम्या हाताने जावं का? तिला मताघ द्यावासा वाटला. पाद्रीबाबांनी मंतरलेलं मीठ घालून, दुसरं काही न घालता शिजवलेला प्रसाद. बुधवारी उपास, शुक्रवारी उपास, शनिवारी चाचणी. राहिला गुरुवार. तिने कोंबडा शिजवला, रिवाजाप्रमाणे तीन घरी वाटला आणि एक वाटा अरेविकच्या पुढ्यात ठेवला.

हाच हिशेब साऱ्या गल्लीने केला होता, हे तिला दुपारी कळलं.

आधी शेजारची हायकानुश आली, हातात झाकलेलं पातेलं. "आमचा मेंढा! पोरीच्या नावाने. पहिलं घर तुमचंच."

तिच्यामागून गेघाम. "हिच्या मेंढ्याला चव नाही, अरेविक जान. माझा खा. डोंगरावरचा आहे."

मग भट्टीवाली, मग शाळेच्या बाई, मग तीन गल्ल्यांपलीकडचे कुणी, ज्यांची नावंही शूशानला आठवेनात. मेंढ्याचा प्रसाद सात घरी जातो, आणि प्रत्येकाचं पहिलं घर तेच. मताघ परतवायचा नसतो, रात्रीपर्यंत उरवायचा नसतो. पाव्हणे दारात उभे राहून बघत होते.

"आत्या, मला शनिवारी वजनात बसायचंय," अरेविक कुजबुजली.

शूशानला भावाचा आवाज आठवला. पण समोर देवाच्या नावाचं ताट होतं. "एकेक घास घे गं," ती हळूच म्हणाली. "नाही म्हणू नये."

एकेक घास म्हणता म्हणता सूर्य मावळेपर्यंत सात घरं झाली. आणि हायकानुशचा घास म्हणजे दुसऱ्याचं जेवण.

शुक्रवारी सकाळी हॉलमधल्या काट्याने साठ किलो सातशे दाखवले. अरेविकचे कोच वाहराम आधी काट्याकडे बघत राहिले, मग छताकडे.

"काल काय खाल्लंस?"

"सात घरचा देव, कोच."

"आठवडाभर मी हिला काकड्या मोजून देतोय आणि तुम्ही मेंढे उकडताय? आणि त्यात मीठ! मीठ पाणी धरून बसतं, बाई!"

"मंतरलेलं होतं," शूशान खालमानेने म्हणाली.

"मग फारच घट्ट धरून बसेल!"

घरी येताना शूशानला रस्ता दिसत नव्हता. खाऊ घाल, पण काट्याचं भान ठेव. दोन वर्षं भान ठेवलं आणि नेमकं आत्ता, तेही भक्तीच्या नावाखाली, सोडलं. भावाची पोर फळीवर चढायच्या आधीच काट्यावरून परत फिरली, तर वर गेल्यावर त्याला काय सांगायचं?

दारात ती थांबली. "अरेविक जान, आज शुक्रवार. माझा उपास. आज तू माझ्याबरोबर धर."

लहानपणापासून अरेविक आत्याच्या उपासाला हसत आलेली. "भाजीचा?"

"भाजीचाही नाही. पाणीसुद्धा नाही. तू पिणार नाहीस, तर मीही पिणार नाही."

"तू कशाला? तुला कोण तोलणार आहे?"

"मला तोलणारा आहे," शूशान म्हणाली. अरेविक हसली नाही.

दुपारी दोघी भट्टीवालीकडे गेल्या. जमिनीत पुरलेल्या त्या खोल भट्टीत बाया लवाश भाजत होत्या. कागदासारख्या पातळ रोट्या भिंतीला चिकटायच्या आणि फुगून निघायच्या. अरेविकला तीन लोकरी स्वेटर घालून भट्टीच्या कडेला बसवलं आणि हातात लाटणं दिलं. घाम धारांनी वाहू लागला. ताज्या रोटीचा वास नाकात, पोटात आग, आणि पोरगी लाटतेय.

"आत्या, एक तुकडा?"

"वास घे. वासाला वजन नसतं."

सगळ्या बाया हसल्या. अरेविकही. रोट्या मात्र तिने अशा रागाने लाटल्या की भट्टीवाली म्हणाली, "पोरी, खेळ सोडलास तर माझ्याकडे ये!"

शनिवारी सकाळी वजनाच्या खोलीत शूशान बरोबर होती. एकोणसाठ किलो, एकशे तीस ग्रॅम. अधिकारी बाईंनी घड्याळ दाखवलं. एक तास. तेवढ्यात कितीदाही या, पण तासानंतर दार बंद.

मागच्या अंगणात अरेविक स्वेटर घालून दोरीवर उड्या मारू लागली. भिंतीशी अपराधी गल्ली उभी होती. हायकानुश गप्प होती, जे तिच्या लग्नातही झालं नव्हतं. गेघामने टोपी काढून विचारलं, "शूशान जान, त्या एकशे तिसात माझ्या मेंढ्याचे किती असतील?"

"तुझे पन्नास. हायकानुशचे साठ," शूशान म्हणाली. "उरलेले वीस माझ्या कोंबड्याचे. सुरुवात त्यानेच केली."

चाळीस मिनिटांनी काटा म्हणाला, साठ ग्रॅम जास्त. अरेविकच्या अंगात आता घामही उरला नव्हता. ओठ पांढरे पडलेले. गेघामने खिशातून कात्री काढली. "वेणी. नाइलाज आहे, पोरी. अशी कापतो की कुणाला—"

"वेणीला हात लावलात तर तुमची दाढी उपटीन, गेघामकाका!" ती ओरडली आणि रडायलाच लागली. ती वेणी तिच्या बाबांनी कधी कापू दिली नव्हती.

शूशान तिला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवू लागली. रोज सकाळी विंचरलेली ती कमरेपर्यंतची जाड वेणी आज हाताला वेगळीच लागली. नेहमीपेक्षा जड. तिने मुठीत धरून पिळली. मनगटावरून पाणी ओघळलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "सगळा घाम इथे येऊन बसलाय!"

सगळे वेणीकडे बघू लागले.

"गेघाम, कात्री ठेव. केस वाळवायचं मशीन आण. पळ!"

साठीतला गेघाम पळाला. कधीकाळचा पैलवान होता तो, पण ग्युमरीने त्याला इतकं जोरात पळताना कधी पाहिलं नव्हतं. हायकानुशने वेणी सोडली, शूशानने कोरड्या टॉवेलने बट न् बट पुसली, गेघामने गरम वारा सोडला. केस भुरभुरू लागले. दार बंद व्हायला चार मिनिटं असताना अरेविक काट्यावर उभी राहिली.

एकोणसाठ. वर शून्य, शून्य.

अधिकारी बाईंनी सही केली आणि गालात हसत विचारलं, "इतके सुंदर केस कुणी सेट केले?"

दोन तासांत कोचने तिच्या पोटात पाणी, मध आणि भात घातला. फळीवर चढली तेव्हा रंग परतला होता. वनाद्झोरच्या पोरीने सुंदर उचललं. शेवटच्या लिफ्टला अरेविकला एकशे एकोणीस लागत होते. उचलले तर ऑलिम्पिक, नाही तर घर.

शूशानने डोळे मिटले नाहीत. भावाने फळीपर्यंत पोचव म्हटलं होतं, आणि ती पोचवून आली होती. बार छातीवर आला. अरेविक बसली, हलली, उठली. एक श्वास घेतला. मग हात वर. बार डोक्यावर थरथरत होता, खाली पाय रोवलेले. पंचांचे तीनही पांढरे दिवे लागले, लिफ्ट मान्य.

निवडचाचणीत राष्ट्रगीत वाजत नाही. पण मागच्या रांगेतून कुणीतरी सुरू केलं आणि सगळा हॉल उभा राहिला. वनाद्झोरची पोरगीही गात होती, रडत रडत. अरेविकने तिच्या खांद्यावर हात टाकला. गेघाम टोपीत तोंड लपवून म्हणाला, "फळीवरच्या खडूची पूड गेली डोळ्यात." तो बसला होता बाविसाव्या रांगेत.

संध्याकाळी गल्लीत गाणी, नाच, आणि हायकानुशचा आवाज परत. "आता मोठा मताघ! बैल! चाळीस घरं!"

"ऑलिम्पिक संपेपर्यंत या गल्लीत कोंबडासुद्धा कापला जाणार नाही," शूशान शांतपणे म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

गेघाम जवळ येऊन बसला. "उद्या मार्माशेनला मी गाडीने सोडतो. तुझे गुडघे देवाला दिसत नाहीत का?"

"दिसतात. म्हणूनच चालत जाते."

"निदान मोजे?"

"गेघाम!"

"बरं, बरं."

रविवारी सकाळी, गल्ली दमून झोपलेली असताना, शूशानने रुमालात दोन मेणबत्त्या बांधल्या आणि थोडा विचार करून तिसरी घातली. अरेविक गाढ झोपली होती, उशाशी अर्धी लवाश. दाराशी तिचे खेळाचे बूट पडले होते. त्यांच्या शेजारी शूशानने आपले जोडे नीट जोडून ठेवले, दार आवाज न करता ओढलं, आणि उतारावरच्या गार, खडबडीत दगडांवर पाऊल टाकलं.