वहिनीची मोडतोड

पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान बंद पडलं आणि दीर बिऱ्हाड घेऊन भावाकडे राहायला आला. बिऱ्हाड म्हणजे हत्यारांची एक पेटी. पेटी पलंगाखाली गेली, दीर पलंगावर गेला, आणि दोघंही तिथेच राहिले. तोंड भिंतीकडे. हाक मारली तर ‘हं’. चपलांत त्याने त्या दिवसापासून पाय घातला नाही. मग जेवणाचं ताटही तसंच परत यायला लागलं, तेव्हा वहिनी घाबरली.

वहिनी घरी शिवणकाम करायची. एकदा ऐन घाईत तिच्या मशीनचा पट्टा खरोखरच तुटला. गिऱ्हाईक दारात उभं, कपडा सुईखाली. ती कपाळाला हात लावून बसली, तर मागून आवाज आला, “सरका.” दिराने पट्टा बसवला, मशीनला तेल दिलं आणि पोटभर जेवला.

बस्स. दुसऱ्या दिवशी मिक्सर चालेना. मग कपाटाचं दार लटकलं, मग नळ गळायला लागला.

“भावोजी, बघता का जरा?”

भावोजी बघायचे, मग जेवायचे. घर खिळखिळं झालं आणि दिराने बाळसं धरलं.

थोरला भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, बस चालवायचा. एका संध्याकाळी तो दमून आला, खुर्चीत टेकला आणि खुर्चीसकट जमिनीवर गेला. खुर्चीचे स्क्रू बायकोच्या बटणांच्या डब्यात सापडले, पुसूनबिसून ठेवलेले.

“तो उठावा म्हणून मला पाडायचं?” तो बसल्या जागेवरून ओरडला. “यापुढे घरात काही मोडलं तर गाठ माझ्याशी आहे!”

वहिनीने हात आवरला. घरातली एकूण एक वस्तू शहाण्यासारखी वागू लागली, आणि ताट पुन्हा भरलेलं परत यायला लागलं. हा माणूस असाच झिजून जाणार आणि आपण धडधाकट खुर्च्यांवर बसून बघत राहणार, या विचाराने तिला रडू यायचं. शिवण वाकडी जायची, ती उसवायची, परत घालायची.

एका दुपारी ती अशीच उसवत बसली असताना पलंग करकरला. दीर दारात येऊन उभा राहिला. त्याला कोणी हाक मारली नव्हती.

“वहिनी, तुम्हाला बरं नाही का?”

“मला काय धाड भरलीये?”

“आठ दिवस झाले. घरात काही बिघडलं नाही.”

वहिनीच्या हातातली कात्री थांबली. “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“आपोआप निखळलेला स्क्रू कधी डब्यात जाऊन बसत नाही.” तो तिच्याकडे निरखून बघत होता. “चेहरा उतरलाय तुमचा. डॉक्टरकडे जायचं का? मी येतो बरोबर.”

वहिनी ठणठणीत होती. गेल्या कित्येक वर्षांत तिला साधी सर्दीही झाली नव्हती. तिने कात्री खाली ठेवली आणि कपाळ दाबून धरलं.

“कालपासून कसकस आहे खरी,” ती म्हणाली.

दीर पलंगाखाली वाकला आणि पेटी बाजूला सारून चपला शोधायला लागला.