पाण्याची रेघ

माझा स्वभावच संशयी. त्यामुळे सलग तिसऱ्यांदा आमच्या ठोकळ्यांवरच्या पेशी मेल्या, तेव्हा माझी नजर थेट प्रयोगशाळेतल्या नव्या मुलीवर गेली.

तुटलेल्या हाडातली पोकळी भरायला आम्ही सच्छिद्र ठोकळे बनवतो. हाडातल्या खनिजाची पूड आणि शरीरात हळूहळू विरघळणारं प्लास्टिक कालवायचं, त्यात मिठाचे दाणे घालायचे, घट्ट झालं की पाण्यात बुडवायचं. मीठ निघून जातं, भोकं उरतात आणि हाडाच्या पेशी त्यांत घर करतात. मीठ राहिलं तर पेशी मरतात. कालवणं माझ्याकडे, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलणं तिच्याकडे. वहीत तिच्या सह्या वेळच्या वेळी असायच्या. सही काय, कुणीही ठोकतं.

म्हणून मी काचेच्या भांड्यावर पाण्याच्या पातळीला बारीकशी रेघ मारली. पाणी बदललं तर पातळी थोडी तरी वरखाली होईलच की! चार दिवस पाहिलं. पाणी रेघेवरून केसभरही हललं नाही. चोर सापडल्याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? दुपारी सरांना लेखी तक्रार दिली. त्यांनी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगून टाकलं.

संध्याकाळी ती आपला खण आवरत होती. डोळे सुजलेले. मध्येच उठली, ठोकळ्यांचं पाणी दुसऱ्या भांड्यात काढलं आणि वाकून, रेघेकडे बघत नवं पाणी भरू लागली.

"हे काय चाललंय?"

"पाणी बदलतेय, ताई. तुम्ही रेघ मारून दिलीत ना, बरोबर तेवढंच भरते. आधी अंदाजाने भरायचे, म्हणूनच चिडलात का?"

मी ते दुसरं भांडं पुढ्यात ओढलं. काढलेल्या पाण्यात मीठ ओळखायचं औषध टाकलं. मीठ असतं तर पाणी पांढरं झालं असतं. ते स्वच्छ राहिलं. मग एक ठोकळा मधोमध चिरून भिंगाखाली धरला. आत मिठाचे दाणे होते, एकेकटे, चहूबाजूंनी बंद. पेशी वाढवायच्या उबदार पेटीत ठोकळ्याच्या भिंती सैल झाल्या की तेच मीठ पाझरत होतं.

दाणे एकमेकांना टेकलेच नव्हते, मग पाण्याला आत वाट कुठून मिळणार? ठोकळा मजबूत व्हावा म्हणून तीन खेपांपूर्वी मीठ मीच कमी केलं होतं आणि मजबुतीचे आकडे सगळीकडे मिरवले होते. मला स्वतःची लाज वाटली.

"खण आवरू नकोस," एवढंच तिला म्हणाले आणि चिरलेला ठोकळा घेऊन सरांच्या खोलीत गेले.

"सर, तक्रारीत एक दुरुस्ती आहे. तिचं नाव खोडा, माझं लिहा."