शेवटची पायरी

"अगं शिडे, तिथे बोट नको ठेवूस. ती पट्टी मेलीय," भावजी म्हणाले.

शिडी म्हणजे नववीतली मुलगी. इतकी उंच, की ती वर्गात शिरताना दाराची चौकटच जरा वर सरकायची. आणि भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, शाळेतले गाण्याचे मास्तर. त्या दिवशी चष्मा घरीच विसरले होते. तो द्यायला मी गेले आणि गुडघे दुखतात असं सांगून शेवटच्या बाकावर बसून राहिले. गुडघ्यांना काही झालं नव्हतं. मला मजा बघायची होती.

गाण्याचा वर्ग म्हणजे सायकली ठेवायच्या जागेमागची खोली. तिथे एक जुनी पायपेटी. पायांनी भाता हलवायचा, हातांनी वाजवायची. तिच्या पोटात झुरळांची तीन घराणी नांदायची. त्यातलं एक म्हातारं झुरळ कुणी बेसूर झालं की मिशा खाली पाडायचं, हे मी स्वतः पाहिलंय. बाकी सगळं वाजायचं, पण मधल्या सप्तकातला ध दाबला की नुसतं फुस्स. दुरुस्तीवाल्यानं केव्हाच हात वर केले होते.

मग भावजींनीच युक्ती काढली होती. ध आला की मुलांनी श्वास घ्यायचा आणि ध भावजींनी गायचा. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. या शाळेतून शिकून गेलेल्या बायका अजून पोराला झोपवताना ध आला की श्वास घेतात, आणि पोरं दचकून उठतात.

तयार चाली भावजी फारशा शिकवायचे नाहीत. मुलांनाच करायला लावायचे. "घरी जाताना कानावर पडेल ते आणा," म्हणायचे.

"सर, आमच्या गल्लीत नुसते पत्रे ठोकतात."

"मग पत्रे आण."

"डोक्यावरून?"

"तेच बरं. रिकाम्या भांड्याला आवाज चांगला येतो."

वर्ग हसला. शिडी हसली नाही. तिचं लक्ष पट्ट्यांवर होतं. तिनं आईची पावलं आणली होती. आई कापडाच्या कारखान्यात रात्रपाळीला, सकाळी जिना चढून घरी येते.

"थकलेली असते, सर. मध्ये कठड्याला टेकते. मग उरलेल्या पायऱ्या चढते. शेवटची पायरी वाजली की मी कडी काढते."

तिनं वाजवून दाखवलं. खरंच कुणीतरी जड पायांनी वर येत होतं. टेकलं, दम खाल्ला, परत निघालं. आणि शेवटी फुस्स.

"शेवटची पायरी ध आहे," शिडी म्हणाली.

"दुसरा सूर घे की."

"दुसऱ्या सुरावर आई दारात येतच नाही, सर. करून बघितलं मी."

भावजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं. मग ती पायरी मी चढतो."

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. शाळाशाळांची स्पर्धा होती, मुलांनी स्वतः केलेल्या चालींची. तिथे नंबर आला तर गाण्याचा तास राहणार, नाहीतर तो गणिताला जाणार.

"पालक विचारतात, गाण्यानं मार्क किती वाढतात. मी काय सांगू, सर?" बाई म्हणाल्या. वाईट नव्हत्या त्या. त्यांनाही वरून विचारत असतील.

घरी येऊन भावजी मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही काय सांगितलं असतं?"

"मी म्हटलं असतं, गणितानं तरी कुणाचं काय सुटलंय?"

ते हसले. पण ताटावरून तसेच उठले.

स्पर्धेला मीही गेले. टाळ्या वाजवायला घरचं माणूस हवं ना. स्टेजवरची पायपेटी अशी चकचकीत, की तिच्यात बघून मी केस सारखे केले. नियम एकच होता. शिक्षकांनी खाली बसायचं, आवाज करायचा नाही. केला तर शाळा बाद.

वर जाण्याआधी भावजींनी शिडीला बजावलं, "इथला ध जिवंत आहे. बिनधास्त वाजव."

"हो, सर."

शिडी पेटीवर बसली, बाकीची मुलं मागे उभी राहून गायला लागली. आई जिना चढू लागली. सभागृह असं गप्प झालं, की छताचे पंखेसुद्धा पाय न वाजवता फिरत होते. आई कठड्याला टेकली. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. मी भावजींचा हात दाबला. नंबर नक्की होता.

शेवटची पायरी आली. शिडीचं बोट ध पर्यंत गेलं आणि आपोआप वर उचललं गेलं. मागच्या सगळ्या पोरांनी एकदम श्वास घेतला.

आणि माझ्या शेजारून ध आला. स्वच्छ, मोठा, भरलेला. डोळे मिटून, हसतमुखानं भावजी गात होते. आपण गातोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आधी कुणालाच काही कळेना. मग हशा पिकला. परीक्षक माईकमध्ये म्हणाले, "मास्तर, स्पर्धा मुलांची आहे." पुढचं नाव पुकारलं गेलं.

परत येताना बसमध्ये शिडी म्हणाली, "सर, माझं बोटच उचललं गेलं."

"माझं तोंडच उघडलं गं," भावजी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

आता त्या खोलीत जादा गणित असतं. पायपेटी बाहेर सायकलींपाशी, तिच्यावर पोरं ओले रेनकोट टाकतात. झुरळं कुठे गेली माहीत नाही. विचारायची छाती होत नाही. भावजींना शाळा सुटताना फाटकावर उभं करतात, रांगा सांभाळायला.

परवा भाजी घेऊन येताना मी तिथून चालले होते. नुकतीच शाळा सुटली होती. शिडी आणि तिच्या मैत्रिणी गुणगुणत येत होत्या. तीच पावलं. टेकली, दम खाल्ला, परत निघाली. फाटकाशी आल्या आणि सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. भावजींकडे बघितलं.

भावजींचे ओठ जरासे उघडले. मग मिटले.

"रांग मोडू नका," ते म्हणाले.

पोरी थोडा वेळ श्वास धरूनच चालल्या. मग कुणीतरी सोडला. रस्ता ओलांडून त्या दिसेनाशा झाल्या. भावजींनी फाटक ओढून घेतलं आणि कडी लावली.